चकाजवळची झीज

मुकुटबनात धूळ दोन रंगांची. कोळशाच्या ट्रकांमागून काळी उडते, सिमेंटच्या बाजूने राखाडी येते. परसातल्या टिनाच्या छपरीत माझा लेथ उभा आहे. सकाळी त्याच्या बेडवर बोट फिरवलं की दोन्ही रंग बोटाला लागतात. म्हणून रात्री बेड पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा आणि वरून जुनं धोतर पांघरायचं. घरच्यांना आता त्याची सवय झाली आहे.

लेथ साडेचार फुटी, सपाट बेडचा, पट्ट्यावर चालणारा. बंद पडलेल्या एका जिनिंगच्या वर्कशॉपमधून तो भंगाराच्या भावाने निघाला. आमचा मुलूख कापसाचा. रुई आणि सरकी वेगळी करणारे जिनातले चामडी रोलर झिजतात. ते लेथवर चढवून पुन्हा गोल करायचे, वर तिरके खाचे पाडायचे. काळ्या मातीतला कापूस गाठीपर्यंत पोचायचा, त्या वाटेत कुठेतरी हे यंत्र उभं असायचं. ते किलोवर तोलून न्यावं, हे मला बघवलं नाही.

नावाची पाटी कधीच गेलेली. रिव्हेटची दोन भोकं तेवढी उरलीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याने १९४१ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर काढून लेथ बनवायला घेतले. हा तिथला असावा अशी माझी फार इच्छा होती. रंगाचे तीन थर खरवडले. हिरव्याखाली करडा, करड्याखाली लांबी, तिच्याखाली नुसतं ओतीव. अक्षर एकही नाही.

गंज काढायला टबात पाणी आणि धुण्याचा सोडा, सोबत बॅटरीचा चार्जर. गंजलेला भाग उणे तारेला, भंगार पत्रा अधिक तारेला. रात्रभर बुडबुडे येत राहिले, सकाळी गंजाचा काळा चिखल ब्रशने निघून गेला. गियर मात्र रॉकेलनेच धुतले. त्यांत १२७ दात्यांचा एक मोठा गियर निघाला तेव्हा मला घबाड मिळाल्यासारखं झालं. लीड स्क्रू इंचाचा, पण मिलिमीटरचे आटेही पाडता यावेत म्हणून हा गियर. इंचात २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७. त्याहून लहान पूर्णांकात हा हिशेब नेमका बसतच नाही. आमच्याकडचे मिस्त्री अजून सुतात बोलतात, आठ सुतांचा एक इंच. रेखांकनं येतात मिलिमीटरमध्ये. दोन्हींचा मेळ हे एक चाक घालतं.

बेडवर सरळपट्टी ठेवली तर जॉब धरणाऱ्या चकाजवळ सहा थाउची, म्हणजे इंचाच्या सहा हजारांशांची, पाती खालून सहज गेली. जॉब बहुधा आखूड असतात, म्हणून टूल वाहणारं सॅडल आयुष्यभर तिथेच मागे-पुढे होतं आणि बेड तिथेच झिजतो. टेलस्टॉककडच्या टोकाला मात्र तेल पुसल्यावर चंद्रकोरीसारख्या खुणा दिसल्या. हा बेड ज्याने हाताने स्क्रेप केला त्याच्या हाताच्या! मी कितीतरी वेळ उजेड तिरपा धरून त्या पाहत बसलो.

बेड ग्राइंड करायचा तर नागपूरला न्यावा लागला असता, आणि त्या खुणा गेल्या असत्या. जिनिंगमध्ये आयुष्य काढलेले एक टर्नर दादा शेजारच्या गल्लीत राहतात. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "झीज उभी हाये ना? मंग टूल खाली जाते, आत-बाहीर नाही. माप कायले बिघडते? तू सॅडल पाह्य."

मग सॅडल पाहिलं. बेडच्या न झिजलेल्या भागाला प्रशियन ब्लूचा पातळ हात द्यायचा, सॅडल त्यावर सरकवायचं, उचलून उलटं करायचं. जिथे निळं लागलं तो उंचवटा; तेवढाच खरवडायचा आणि पुन्हा निळं. पहिल्या दिवशी कोपऱ्यात तीनच ठिपके होते. वैशाखातली छपरी तापलेली, घाम लोखंडावर पडून तिथल्या तिथे गंजाचा डाग. बाराव्या दिवशी निळं अंगभर चांदण्यासारखं उमटलं.

राहिला टूल आत-बाहेर नेणाऱ्या क्रॉस स्लाइडचा नट. आटे खाल्लेले, हँडल पाव फेरा रिकामं फिरे. गनमेटलचा नवा करायचा, आटे डावे. पण ते पाडायला लेथ हवा, आणि जवळचा लेथ हाच. दादांनी जुनाच नट आत ठेवायला लावला. "एकाच बाजूनं येत जाय. मांगं गेलं की पुरं मांगं जाय, मंग फिरून ये." तसं केलं. ढिलाई प्रत्येक वेळी एकाच अंगाला दाबत, थाउ थाउ आत जात, झिजलेल्या नटानेच आपल्या जागी येणारा नवा नट कापून दिला. पिवळा चुरा माझ्या मनगटावर उडत होता आणि मला हात आखडावासा वाटत नव्हता.

शेवटी चकात जाड सळई धरली. टेलस्टॉकचा आधार न देता, सहा इंचांवर दोन कॉलर टर्न केल्या. दादांनी मायक्रोमीटर आधी धोतराला पुसला, मग लावला. दोन्हींत एक थाउचा फरक.

"जिनिंगमंदी दोन होता," ते म्हणाले. जुना नट त्यांनी खिळ्याला टांगला आणि पट्टा बोटाने दाबून पाहिला. "हा काढून ठेव रातच्याले. ताणून राहिला त ढिला पडते."

मी पट्टा उतरवला.