फौजेचा पगार आणि वऱ्हाडचा मुलूख

किन्हीराजा, ता. मालेगाव, जि. वाशीम

चि. भाच्यास,

शेजाऱ्याशी जमिनीचा वाद असला की बोलणी म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा, शेवटी ज्याची फौज मोठी त्याचीच जमीन, असं तू लिहिलं आहेस. काश्मीर, सियाचीन, गलवान ही तुझी उदाहरणं मी नीट वाचली. जवानांबद्दल तुला वाटणारा अभिमान मलाही वाटतो. पण तुझा निष्कर्ष मला पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगायला हिमालयापर्यंत जायची गरज नाही. तुझं आजोळ ज्या वऱ्हाडात आहे तो मुलूखच पाऊणशेहून अधिक वर्षं दोन शेजाऱ्यांच्या वादात होता. हैदराबादचा निजाम म्हणे वऱ्हाड माझं, नागपूरकर भोसले म्हणत आमचं. दोघांकडे फौजा होत्या आणि दोघांनी त्या वापरल्याही. तरी 1853 साली वऱ्हाड दोघांपैकी कोणाच्याच ताब्यात नव्हतं. हे कसं झालं ते बघ, मग ‘मोठी फौज’ या शब्दांचा पुन्हा विचार कर.

आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात साखरखेर्डा आहे. तिथे ऑक्टोबर 1724 मध्ये निजामुल्मुल्काने बादशाही सुभेदार मुबारिझखानाला हरवून ठार केलं आणि दख्खनचे सुभे स्वतःच्या हाती घेतले. त्या लढाईत बाजीराव पेशवे निजामाच्या बाजूने होते, हे लक्षात ठेव. वऱ्हाडचा सुभा निजामाकडे गेला खरा, पण शेकडा 25 चौथाई आणि शेकडा 10 सरदेशमुखी हा मराठ्यांचा हक्क बादशाही सनदांनी आधीच मान्य झालेला होता. भोसल्यांनी त्यावर घासदाण्याची, म्हणजे घोड्यांच्या वैरणीपोटीच्या वसुलीची, मागणी चढवली. निजामाला भोसल्यांना हुसकता येईना, भोसल्यांना निजामाला. मग एकाच मुलखावर दुहेरी अंमल बसला. दोन धन्यांचे दोन अंमलदार, दोघांचे घोडेस्वार, आणि पीक मात्र एकच. वऱ्हाडात गावोगावी मातीच्या गढ्या दिसतात त्या या काळाची गरज होती. राज्य कोणाचं यापेक्षा आज वसुलीला कोण येतंय, हा रयतेपुढचा खरा प्रश्न होता.

या वादात शत्रू आणि मित्रही कायमचे नव्हते. 1763 साली जानोजी भोसले निजामाबरोबर पुण्यावर चालून गेले. त्याच वर्षी राक्षसभुवनच्या लढाईआधी 32 लाखांच्या मुलखाच्या बोलीवर पेशव्यांकडे आले. तीन वर्षांत माधवराव पेशवे निजामाला बरोबर घेऊन जानोजींवर उठले आणि दिलेल्या मुलखाचा मोठा भाग काढून घेतला. 1769 मध्ये पेशवे आणि भोसल्यांत कनकापूरचा तह झाला. यातली प्रत्येक चाल तात्पुरती शहाणपणाची दिसते. पण प्रत्येक चालीनंतर फौज थोडी वाढवावी लागली, आणि वाढीव फौजेचा पगार देण्यासाठी आणखी मुलूख हवासा झाला.

माझ्या म्हणण्याचा गाभा इथेच आहे. मार्च 1795 मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला हरवलं. इंग्रज मदतीला आले नाहीत म्हणून निजामाने आधी रेमों या फ्रेंच सरदाराच्या पलटणी वाढवल्या. 1798 मध्ये त्या मोडून त्याने इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज घेतली. तिच्या खर्चापोटी 1800 साली म्हैसूरच्या युद्धांत मिळालेला मुलूख त्याने कंपनीला कायमचा देऊन टाकला. मराठ्यांपासून बचाव व्हावा म्हणून घेतलेल्या फौजेने पहिला घास त्याच्याच मुलखाचा घेतला. 1803 मध्ये असईच्या लढाईनंतर 29 नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला कंपनीने भोसल्यांची फौज मोडली, 15 डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांत देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा भोसल्यांचा मुलूख गेला. गाविलगड आणि नरनाळा तेवढे त्यांच्याकडे राहिले. कंपनीने तो मुलूख पुढच्या वर्षी निजामाला दिला. तुझ्या हिशेबाने निजाम जिंकला, नाही का?

त्या जिंकण्याचं पुढे काय झालं ते पाहा. तैनाती फौज होतीच. तिच्याशिवाय हैदराबाद कंटिंजंट नावाची दुसरी फौज उभी राहिली. अधिकारी इंग्रज, पगार निजामाचा. तिची एक मोठी छावणी आपल्या वाशीमच्या पलीकडे हिंगोलीला होती. भोसल्यांचा धाक संपला तरी ती फौज संपली नाही. पगार थकला, त्यासाठी पामर कंपनीच्या पेढीचं जबर व्याजाचं कर्ज झालं, आणि अखेर कंपनी सरकार स्वतःच सावकार होऊन बसलं. 21 मे 1853 च्या तहाने गव्हर्नर जनरल डलहौसीने कंटिंजंटच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब लावून घेतले. 1860 मध्ये धाराशिव-रायचूर परत मिळाले, 50 लाखांचं कर्जही माफ झालं, पण वऱ्हाड गेलं ते गेलंच. त्याच दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला सोन्याचा भाव आला आणि पाठोपाठ रेल्वे आली. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावं म्हणून वर्षानुवर्षं खटपट केली, 1876 मध्ये लंडनपर्यंत जाऊन आले. उपयोग झाला नाही. 1902 मध्ये वर्षाला 25 लाखांवर कायमचा पट्टा झाला. आणि भोसले? डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघुजी वारले आणि पुढच्या वर्षी नागपूर खालसा झालं. वर्षभराच्या आत दोन्ही वादी बाद!

तू म्हणशील, हा इंग्रजांच्या तोफांचा आणि कवायतीचा प्रभाव, शेजाऱ्यांच्या वैराचा त्यात काय दोष? तोफांचा जोर मी नाकारत नाही. पण निजामाच्या हातून वऱ्हाड लढाईत गेलं नाही, ते थकलेल्या पगारात गेलं. 1853 मध्ये निजामावर कोणी तोफ डागली नव्हती. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: भोसल्यांनी फौज ठेवलीच नसती तर निजामाने त्यांना शिल्लक ठेवलं असतं का? नसतंच ठेवलं. म्हणून फौज नको असं मी म्हणत नाही. फौज आपल्या वसुलीत बसणारी आणि आपल्याच हुकमाखाली असावी. शेजाऱ्याशी बोलायचा रस्ता आपल्या हाती असावा, तिसऱ्याच्या दारातून जाणारा नसावा. भोसले आणि निजाम दोघांनाही हे जमलं नाही.

आज सार्वभौम राष्ट्रं आहेत, आता कोण मुलूख लावून घेणार, असंही तू म्हणशील. मुलूख कोणी घेणार नाही, पण निर्णय घेतला जातो. मे 2025 च्या तारखा बघ. ऑपरेशन सिंदूर चालू असतानाच 9 मे रोजी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने पाकिस्तानला सुमारे 1 अब्ज डॉलरचा हप्ता मंजूर केला. भारत त्या मतदानापासून दूर राहिला. दुसऱ्या दिवशी शस्त्रसंधीची बातमी जगाला आधी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी सांगितली. ती दोन्ही लष्करांच्या डीजीएमओंच्या थेट बोलण्यातून झाली, हे आपल्या सरकारला ठासून सांगावं लागलं. ते ठासून सांगणं मला फार महत्त्वाचं वाटतं. 1966 ला ताश्कंदमध्ये आपण सोव्हिएत मध्यस्थीने बसलो होतो. 2 जुलै 1972 च्या शिमला करारात दोघांनीच बोलायचं असं लिहून घेतलं. तू ज्या बोलण्यांना वेळकाढूपणा म्हणतोस, तीच तिसऱ्याला लांब ठेवतात. सैन्य जितकं मजबूत, तितकं ते बोलणं आपल्या अटींवर होईल, एवढं तुझं म्हणणं मला मान्य आहे, त्यापुढचं नाही. उलट टपाली तुझं उत्तर लिही, आणि 1853 च्या तहाला तुझ्या सिद्धान्तात कुठे बसवतोस तेही कळव.

तुझा मामा