नोंदवहीतील नवा रकाना

सूक्ष्मदर्शकातून कांद्याची साल आपण पाहिलीच असेल. विद्यापीठाच्या भूविज्ञान व पर्यावरण प्रयोगशाळेत जे यंत्र आमच्या हवाली आहे, ते प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांच्या झोताने पाहते. अशा यंत्रांचा पाया रुस्का व क्नोल यांनी १९३१ साली बर्लिन येथे घातला. रुस्का यांस त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८६ साली! आम्ही दिवसभर नवलच पाहत बसतो, असा लोकांचा समज आहे. वस्तुतः आमचा बहुतेक काळ पंपाची निगा राखण्यात आणि ओले नमुने आणणाऱ्या मंडळींस परत धाडण्यात जातो. कारण यंत्राच्या पोटात निर्वात पोकळी असावी लागते, तेथे पाणी चालत नाही.

धूळ, माती यांतून वीज नीट वाहत नाही. झोत पडताच त्यांवर विद्युद्भार साचून चित्र बिघडते. म्हणून नमुन्यास सोन्याचा मुलामा देतात. तो मिलिमीटरच्या सुमारे एक लक्षांश इतका पातळ असतो. (हे ऐकून, उरलेले सोने कोठे जाते, असा प्रश्न आम्हांस घरी झालाच!)

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने दिवाळीच्या रात्री गच्चीवर हवेतील धूळ गाळणकागदावर धरून आणली. आम्ही घाईत होतो. नेहमीप्रमाणे सोने चढविले, आणि चित्रे अशी सुरेख उतरली की आम्ही स्वतःवरच खूष झालो. तेव्हा ती म्हणाली, "सर, आता यात गंधक किती आहे ते पाहू या ना."

फटाक्यांच्या दारूत गंधक असतो, आणि तिला नेमका तोच शोधावयाचा होता. झोताखाली प्रत्येक मूलद्रव्य आपापले क्ष-किरण सोडते व त्यांवरून ते ओळखता येते. परंतु गंधकाच्या किरणांची ऊर्जा सुमारे २.३१ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर सोन्याच्या काही किरणांची २.१२, थोडासा गंधक सोन्याच्या शिखराआड सहज दडतो. मुलामा कार्बनाचा हवा होता. सोने काढू जावे तर धूळही जाणार, आणि लहानसा कागद आम्ही अवघाच लावून बसलो होतो. ती रात्र गेली ती गेलीच. पुढची दिवाळी वर्षाने.

चूक आमची, असे आम्ही तिच्या मार्गदर्शकांस लेखी कळविले. लिहिताना लाज वाटली, हे लपवीत नाही. 'काय जाणून घ्यावयाचे आहे?' असा रकानाही नोंदवहीत स्वहस्ते आखला.

पुढल्या कार्तिकात ती पुन्हा आली. आम्ही तोंड उघडण्यापूर्वीच तिने नोंदवही ओढून घेतली व त्या रकान्यात ठळक अक्षरांत 'गंधक' असे लिहिले. आम्ही मुकाट्याने कार्बनाची कांडी बसविली.