टीव्हीच्या मागची बाजू

नाशिक रोडला जेल रोडवरच्या एका घरात टीव्ही भिंतीवर आहे. त्याच्या मागे एकच वायर आहे, विजेची. बाकी सगळे वायफायवरून येते.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत तिथल्या माळ्यावरून गोणीभर वायरी निघाल्या. कोणती कशाची, हे घरात एकालाच सांगता आले.

तळाशी चपटी वायर होती. दोन तारा आणि त्यांना जोडणारी प्लास्टिकची पट्टी. ३०० ओहमची. ती गच्चीवरच्या अँटेनापासून निघून खिडकीच्या चौकटीतल्या भोकातून आत यायची. भोक अजून आहे. त्यात कापूस कोंबला आहे.

वारा सुटला की अँटेना फिरायचा. एक जण गच्चीवर जाई, एक जिन्यात उभा राही, एक टीव्हीसमोर. ‘आलं?’ ‘मुंग्या आहेत.’ ‘आता?’ ‘गेलं.’ ‘आता?’ ‘आलं, आलं, राहू दे.’ गच्चीवरच्याने पाइपावरचा हात काढला की चित्र पुन्हा जाई. जिन्यातल्याचे काम निरोप वरखाली पोचवण्याचे. ते बहुधा घरातल्या धाकट्याकडे असे.

रस्त्याने स्कूटर गेली की पडद्यावर ठिपक्यांच्या रेघा उमटत. स्वयंपाकघरात मिक्सर लागला की चित्र थरथरे. रविवारी सकाळी वाटण आधीच होऊन जाई. ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ला सुरू झाले. त्या वेळी दाराबाहेर पायताणांचा ढीग असे. शेजारच्यांना बोलवावे लागत नसे.

टीव्ही लाकडी पेटीत होता. पेटीला सरकते शटर, शटरला कुलूप. परीक्षेच्या दिवसांत किल्ली आईच्या कमरेला.

टीव्हीला परवाना लागे. त्याचे पुस्तक घेऊन टपाल कचेरीत पैसे भरावे लागत. १९८५ पासून ते थांबले.

व्हीसीआर भाड्याने यायचा, एका रात्रीसाठी, तीन कॅसेटींसह. पहाटेपर्यंत तिन्ही पाहून संपवायच्या. पडद्यावर पांढरे पट्टे आले की हेड साफ करावे लागे. त्यासाठी स्पिरिट आणि एक कोरी नोट. नोटेचा कागद सुती असतो, त्याचे तंतू सहसा सुटत नाहीत. स्पिरिटमध्ये भिजवलेले नोटेचे टोक हेडच्या चकतीला हलके टेकवायचे, दुसऱ्या हाताच्या बोटाने चकती वरून फिरवायची, हळू. नोट वरखाली घासली की हेड तुटलेच. हे काम ज्याला जमे त्याला चार इमारतींतून बोलावणे येई. करन्सी नोट प्रेस या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. १९२८ पासून तिथे नोटा छापतात. नोटेचा असा उपयोग करणारे आता कोणी नाही. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे बंद केले. तोवर बनवणारी ती एकटीच उरली होती.

गोणीत काळी गोल वायर सर्वांत जास्त निघाली. ७५ ओहमची, केबलची. ती या गच्चीवरून त्या गच्चीवर, कडुलिंबाच्या फांदीवरून, विजेच्या खांबाला वेढा देऊन यायची. केबलवाल्याचा पोरगा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कार्ड घेऊन येई. त्याला प्रत्येक घरातल्या माणसांची नावे माहीत असत. केबलवाल्याचा स्वतःचा एक चॅनल होता. त्यावर रात्री सिनेमा लागे आणि पडद्याखालून ओळी सरकत. साड्यांचा सेल. क्लासचे प्रवेश. अमक्याच्या मुलाला वाढदिवसाच्या शुभेच्छा.

केबल डिजिटल करण्यासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत दिलेल्या ३८ शहरांत नाशिक होते. प्रत्येक टीव्हीखाली एक पेटी आली. चित्र स्वच्छ झाले. मुंग्या गेल्या.

पेटीबरोबर दुसरा रिमोट आला. डीव्हीडीचा तिसरा, स्पीकरचा चौथा. सगळे प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावून. आजोबांनी चॅनलचे नंबर वहीच्या पानावर लिहून टीव्हीशेजारी चिकटवले. सह्याद्री सर्वांत वर, खाली दोन रेघा. १ फेब्रुवारी २०१९ पासून चॅनल निवडून पैसे भरायची पद्धत आली. पुढे पेटी बदलली, नंबरही बदलले. नवा कागद कोणी लिहिला नाही.

लाल, पांढरी, पिवळी, अशा तीन पिनांच्या वायरी नऊ निघाल्या. पिवळी चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या. एक लांब वायर निळ्या पिनेची, दोन्ही बाजूंना पिळायचे स्क्रू. ती कॉम्प्युटरपासून टीव्हीपर्यंत होती. तिच्यातून फक्त चित्र जाई, आवाजाला वेगळी वायर. कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता. दोन्ही वायरी दारातून येत, म्हणून ते दार काही वर्षे पूर्ण लागत नव्हते. मग एचडीएमआय आली. चित्र आणि आवाज एकाच वायरीत. दार लागू लागले. नंतर तीही गोणीत गेली.

सोय झाली, यात शंका नाही. फोनवर बोट ठेवले की भिंतीवर चित्र दिसते.

टीव्ही दुरुस्त करणारा घरी येई. मागचे झाकण उघडले की तापलेल्या धुळीचा वास पसरे. मुलांना लांब बसवत, कारण बंद टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्येही वीज साठून राहते. तो काम करताना आरसा समोर धरायला सांगे. त्यात पडदा बघत तो मागचे स्क्रू पिळी. चहा दोनदा होई. आताचा टीव्ही बिघडला आणि पॅनल गेले म्हटले, की नवाच आणतात.

मार्च २०२२ पर्यंत दूरदर्शनने आपले जवळपास सगळे जुन्या पद्धतीचे जमिनीवरचे ट्रान्समीटर बंद केले. गच्चीवरच्या अँटेनाला पकडायला काही उरले नाही.

कॅसेटी गोणीत टाकल्या नाहीत. सहा आहेत, कपाटात. एकीवर ‘लग्न’ लिहिले आहे. ती एकदा डीव्हीडीवर उतरवून घेतली. तीन तासांची कॅसेट उतरायला तीनच तास लागले. त्यात आजी जात्यावर हळद दळताना दिसते, आणि तिला कोणीतरी कॅमेऱ्याकडे बघायला सांगते. पुढे नव्या लॅपटॉपला डीव्हीडीचा खण नव्हता. ते चित्रीकरण पेन ड्राइव्हवर घेतले. भिंतीवरचा टीव्ही ती फाइल उघडत नाही.

गोणी भंगारवाल्याने नेली. प्लास्टिक जाळत नाही, सोलून तांबे काढतो, असे तो म्हणाला. काट्यावर वजन साडेसहा किलो भरले.