हबमधली वेळ

२ फेब्रुवारी
मुद्देमाल आला. चोरीचं प्रकरण. दाराच्या स्मार्ट कुलपाचा हब, साबणाच्या वडीएवढा. सील शाबूत. पंचनाम्यात नुसतं 'वायफाय मशीन'. लावून पाहिलं का, विचारलं. "चालतंय का बघितलं फक्त. पाच मिनिटं."
पाच मिनिटांत काय काय पुसलं गेलं असेल!

३ फेब्रुवारी
उघडला. आठ पायांची फ्लॅश चिप, १६ एमबी. घड्याळाला सेल नाही. टिपून ठेवलं.

४ फेब्रुवारी
क्लिप लावून वाचलं. दर वेळी हॅश वेगळा. क्लिपमधून वीज गेली की प्रोसेसरही जागा होतो, मध्येच तोंड घालतो. चिप उचलावी लागणार.

५ फेब्रुवारी
तपास अधिकाऱ्यांचा फोन. पार्सल देणारा पोरगा कोठडीत. गेटवरच्या वहीत रात्री ९:१० ची सही. "दार कधी उघडलं तेवढं सांगा, मॅडम."

६ फेब्रुवारी
फ्लक्स, गरम हवा, चिमटा. बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं. हवा त्याहून बरीच तापवायची, पण रेंगाळायचं नाही. सुटली. पाय सगळे धड. दोनदा वाचली, एसएचए-२५६ जुळला. डबा तसाच परत नेला.

७ फेब्रुवारी
फाइल सिस्टिम जेएफएफएस२. माझी लाडकी. जुन्यावर गिरवत नाही, नवं पुढे लिहिते; जागा लागेपर्यंत जुनं पडून. पुसलेला लॉग तुकड्यातुकड्यांनी निघाला. ११ जानेवारी, २१:१४. दार उघडलं. आतून.
अधिकारी खूश. ९:१० ला गेट, ९:१४ ला दार.
आतून?

९ फेब्रुवारी
लॉगमध्ये मध्येच १ जानेवारी १९७०. वीज जाऊन आली की हब तिथून मोजतो, मग इंटरनेटवरून वेळ घेतो. लगेच पुढची ओळ ११ जानेवारी, १३:२०. वीज कंपनीला पत्र: त्या दिवशी वीज कधी आली?

१३ फेब्रुवारी
उत्तर आलं. संध्याकाळी ६:४९.
१३:२० अधिक साडेपाच तास.
गेटच्या वहीचं पुढचं पान मागवलं.

१६ फेब्रुवारी
पोरगा ९:२२ ला बाहेर. सही तीच.
"मॅडम, मशिनमध्ये २१:१४ आहे ना? तेवढंच लिहा."
दोन्ही वेळा लिहिल्या. यूटीसी २१:१४, भारतीय वेळ २:४४. मधे हिशोब.
घरात तेव्हा कोण कोण होतं, ते माझ्या अहवालात येत नाही.

१७ फेब्रुवारी
साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र. भाग ब माझा. हॅश आकड्यागणिक ताडून पाहिला. खोतकर प्रकरणाच्या २०२० च्या निकालापासून या कागदाबाबत कोर्ट सबबी ऐकत नाही.
पंचनाम्यात घटनेची तारीख ११. २:४४ म्हणजे १२. ठाण्याला वेगळं पत्र टाकलं, पोच घेतली.