शून्यागारातला खोकला

इगतपुरीच्या धम्मगिरीत पहिलं काम, मोबाइल जमा. सत्यनारायण गोएंकांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या या विपश्यना केंद्रात दहा दिवस पुस्तक नाही, वही-पेन नाही, बोलणं तर नाहीच. पहाटे चारला घंटा. फी शून्य, शेवटी वाटलं तर दान (कुठला स्पा देतो सांगा!).

सहाव्या दिवशी मला पॅगोडातलं शून्यागार मिळालं. म्हणजे एका माणसापुरती अंधारी खोली. आत शांतता असेल असं वाटतं ना? छे! बाहेरचं बंद झालं की डोकं स्वतःच सिनेमा लावतं. १९५० च्या दशकात कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाने विद्यार्थ्यांना दिवसाला २० डॉलर देऊन, डोळ्यांवर धूसर पडदा लावून नुसतं पडून राहायला सांगितलं होतं. बहुतेकजण दोन-तीन दिवसांत उठले, काहींना चक्क भास झाले.

माझ्या डोक्याने बाबांचा खोकला लावला. ते जाऊन दीड वर्ष झालेलं. तेराव्यानंतर मी थेट ऑफिस गाठलं होतं. डेडलाइन, मीटिंग, लोकल. रडायला वेळ कुठे होता? तो इथे मिळाला, तासभर, आणि कुणी विचारायलाही आलं नाही.

जाणार असाल तर बॉसकडे दहा नव्हे, बारा दिवस मागा; यायचा-जायचा दिवस वेगळा धरतात. आणि कसारा घाटात खिडकी सोडू नका.