उलथनं

परवा आईने विचारलं, "अगं, तुझं दुखणं सांध्यांचं ना? मग हे रक्त पातळ करायचं औषध कशाला?" गेली ११ वर्षं मीच सगळ्यांना सांगत आलेय की ल्युपस म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटते, उन्हात गाल लाल होतात, सकाळी बोटं वळत नाहीत. हृदयाचा विषय कधी निघालाच नाही.

मागच्या श्रावणात पोळ्या करताना मुलाला "उलथनं दे" म्हणायचं होतं आणि शब्दच सापडेना. वस्तू समोर दिसतेय, नाव येत नाही! जीभ जड झालेली. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. मी हसण्यावारी नेलं, नवऱ्याने नाही. तसाच गॅस बंद करून मला दवाखान्यात नेलं.

आधी छातीवरून इको, मग अन्ननलिकेत नळी घालून (तो अनुभव नको, असो). मायट्रल झडप जाड झालेली, कडेला बारीक गाठी. जंतू मात्र नाहीत. लिबमन आणि सॅक्स या दोन डॉक्टरांनी न्यूयॉर्कमध्ये १९२४ साली ४ रुग्णांवरून हे लिहून ठेवलंय. म्हणजे शंभरी उलटली की! बहुतेकांना काहीच जाणवत नाही, पण गाठीचा तुकडा सुटला तर मेंदूत जाऊ शकतो. रक्तात अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी असतील तर धोका जास्त. माझ्या आहेत.

राग आला. इतकी वर्षं रक्त, लघवी, सांधे सगळं तपासलं, इको कुणी सुचवला नाही. मीही विचारलं नाही म्हणा. आणि स्टेथोस्कोपला हे कित्येकदा ऐकूही येत नाही. तुमच्या घरी कुणाला ल्युपस असेल तर डॉक्टरांना एकदा विचाराच.

आता वॉरफरिन, आणि आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवायचा. आईने पालेभाज्या बंद करून टाकल्या होत्या. तसं नसतं. मेथी-पालक खायचा, पण दर आठवड्याला साधारण तेवढाच. एका रविवारी अळूचं फदफदं भरपेट आणि मग पंधरा दिवस पाला नाही, हे चालत नाही. तिला फारसं पटलेलं नाही, तरी कॅलेंडरवर भाज्या लिहून ठेवते.

मुलगा अधूनमधून स्वयंपाकघरात येतो, उलथनं वर धरतो. "आई, हे काय?"

मी नाव सांगते. मग तो खेळायला जातो.