हिमालयातील उद्यानात राहुट्यांचा मुक्काम

‘राष्ट्रीय उद्यान’ या नावाने आमच्या इकडील पुष्कळ मंडळींची फसगत होते. उद्यान म्हटले की कारंजे, बाके, फुलांचे ताटवे आणि फाटकापाशी भेळवाला असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. म्हणून गेल्या मे महिन्याच्या सुटीत नववीच्या अठरा मुलामुलींस हिमाचल प्रदेशातील ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात नेण्याचे ठरले, तेव्हा पालकांच्या सभेत पहिला प्रश्न आला तो हाच, की तेथे सोय काय आहे? वीज, न्हाणीघर, दवाखाना, दुकान व मोबाईल या पाचांची चौकशी झाली, आणि पाचांनाही आम्हांस ‘नाही’ असेच उत्तर द्यावे लागले. सभा काही काळ स्तब्ध झाली. अखेर एका मातोश्रींनी विचारले, “मग सर, पैसे कशाचे?” प्रश्न रास्त होता. त्या दिवशी त्याचे उत्तर थोडक्यात देणे आम्हांस साधले नाही. ते येथे सवडीने देत आहोत.

हे उद्यान कुल्लू जिल्ह्यात आहे. १९८४ साली त्याची प्रथम घोषणा झाली, १९९९ साली ते कायम झाले, आणि २०१४ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. क्षेत्रफळ सुमारे ७५४ चौरस किलोमीटर. तीर्थन, सैंज, जीवा आणि पार्वती या नद्यांची खोरी त्यात येतात. आत मोटारीचा रस्ता नाही. कुल्लूकडे जाणारा हमरस्ता औट येथे सोडावा, बंजारमार्गे गुशैणी गाठावे, आणि तेथून तीर्थन नदीच्या काठाकाठाने पायी चालू लागावे. वनखात्याचा परवाना व स्थानिक वाटाड्या हे दोन्ही बरोबर हवेत.

मुक्काम कोठे करावा, याविषयी मात्र निवड करता येते, व ती घरूनच करून निघणे बरे. उद्यानाच्या सीमेबाहेर गावांचा पट्टा आहे. तेथे लोक आपल्या घरातील एखादी खोली पाहुण्यांस देतात. लाकडी माडी, उबदार अंथरूण व घरचे जेवण मिळते. वृद्ध माणसे किंवा अगदी लहान मुले बरोबर असतील, तर आम्ही हीच जागा सुचवू. याच पट्ट्यात नदीकाठी खाजगी तंबूंचे तळही आहेत. त्यांत पलंग, विजेचा दिवा, क्वचित आतच स्नानगृह असते, आणि रात्री मोठ्याने गाणी लावण्याची सोयही असते! त्यांस तंबू म्हणावे की कापडी भिंतींची खानावळ, हे ज्याचे त्याने ठरवावे. उद्यानाच्या आत यांपैकी काही नाही. ठरावीक जागी राहुट्या ठोकता येतात, रोला व शिल्ट अशा एकदोन ठिकाणी वनखात्याची साधी झोपडी आहे, आणि बाकी सर्व पाठीवरून न्यावयाचे. आम्ही रोला येथे तीन रात्री काढण्याचे ठरविले. गुशैणीहून ते सुमारे दहा किलोमीटर आहे, व प्रथमच डोंगरात येणाऱ्या मुलांस इतकी चाल पुरे होते. नदीच्या उगमापर्यंत जाणारी वाट कित्येक दिवसांची आहे. ती आम्ही मनातूनही काढून टाकली होती.

राहुटी कोठे ठोकावी यात निम्मी विद्या आहे. मुलांनी नदीच्या कडेची स्वच्छ, सपाट वाळू पाहिली व पाठपिशव्या तेथेच टाकल्या. वाटाड्याने त्या पुन्हा उचलावयास लावल्या आणि दुमजली घराइतक्या उंचीवरील गवताळ पायरीवर सर्वांस नेले. वाळू तेथे आली कशी, एवढेच त्याने मुलांस विचारले. नदीनेच ती आणून टाकली होती, हे ध्यानी येताच वाद मिटला. दिवसा वरचे बर्फ वितळते व सायंकाळी पाणी चढते. शिवाय दूर खोऱ्याच्या माथ्यावर पडलेला पाऊस आपल्या डोक्यावर ढग नसतानाही खाली येऊन पोहोचतो. जुलै २०२३ मध्ये बियास व तिच्या उपनद्यांस आलेल्या पुरात शेजारच्याच खोऱ्यातील सैंज बाजाराची कित्येक दुकाने व घरे वाहून गेली. पालकांनी हे विसरू नये. नदीच्या अगदी ओठावर बांधलेल्या तंबूचे चित्र जाहिरातीत कितीही मनोहर दिसो, त्यात आपले मूल निजणार असेल तर आधी पाण्याची उंची विचारावी. आणि पावसाळ्यात तर जाऊच नये. मे व जूनचा आरंभ, अथवा ऑक्टोबर महिना, हे काळ उत्तम.

पहिल्या सकाळी दोन राहुट्यांतून एकच ओरड झाली, की छत गळले! पाऊस तर पडलेला नव्हता. गंमत अशी, की थंडीच्या भयाने मुलांनी राहुटीचे दार व झरोके घट्ट बंद केले होते, आणि चार जणांच्या श्वासांतील वाफ गार कापडावर जमून थेंबाथेंबाने त्यांच्याच अंगावर पडली. दुसऱ्या रात्री झरोके उघडे राहिले व अंथरुणे कोरडी राहिली. स्वयंपाकाचीही अशीच कथा. रोलाची उंची सुमारे २१०० मीटर. तेथे पाणी सुमारे ९३ अंशांवरच उकळते. वर्गात हा नियम शिकविताना फळ्याकडे पाठ करून बसणारे दोन विद्यार्थी डाळ शिजण्याची वाट पाहत चुलीपाशी तासभर बसले होते. वायुभाराचा धडा त्यांस आता कोणी विचारून पाहावा.

सभेत ज्या एका गोष्टीविषयी कोणी उघडपणे विचारले नाही, परंतु पुष्कळ मातांच्या मनात जी होती, तिच्याविषयीही लिहिणे आवश्यक आहे. शौचाची व्यवस्था स्वच्छ असते, जर ती शिस्तीने केली तर. पाण्यापासून निदान साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा खणावा, आणि नंतर तीच माती लोटून तो बुजवावा. मुलींची बाजू वेगळी होती व तिची देखरेख आमच्या सहशिक्षिका बाईंकडे होती. प्रत्येक राहुटीस एक खुरपे दिले होते. पहिल्या दिवशी ते हाती घेऊन जाताना सर्वांस लाज वाटली. तिसऱ्या दिवशी खुरपे कोणी नेले म्हणून भांडणे होऊ लागली!

आता शेकोटीची गोष्ट. मुक्काम म्हटला की रात्री शेकोटी, गाणी व नकला हव्यातच, अशी मुलांची समजूत होती; त्यांनी संध्याकाळपासून वाळक्या काटक्याही गोळा केल्या होत्या. वाटाड्याने त्या पुन्हा रानात टाकावयास लावल्या. उद्यानात लाकूड जाळावयाचे नाही. स्वयंपाकही बरोबर आणलेल्या गॅसवर करावयाचा. मुले हिरमुसली. एकजण म्हणाला, “एवढे मोठे अरण्य, आणि चार काटक्यांनी काय होते?” वाटाड्या पन्नाशीचा, मितभाषी मनुष्य. तो राहुटीच्या तणाव्याची गाठ पुन्हा आवळीत होता. तो म्हणाला, “चार काटक्यांसाठीच आम्हांला येथून बाहेर काढले, बेटा.”

मग त्याने जे सांगितले ते असे. त्याचे वडील मेंढपाळ होते. दर उन्हाळ्यात गावातील मेंढरे घेऊन ते याच वाटेने वरच्या कुरणांत जात. त्या कुरणांस तिकडे थाच म्हणतात. वसंतात गावची बायकामुले गुच्छी नावाची मौल्यवान अळिंबी व औषधी मुळ्या गोळा करण्यास रानात येत आणि त्यावर घरातील वर्षाचा रोख खर्च भागे. त्याच दिवसांत तेथील जुजुराना हा दुर्मीळ पक्षी घरटे करतो. माणसांच्या व कुत्र्यांच्या वर्दळीने तो घरटे सोडून जातो, चराईने कुरणे झिजतात, असे अभ्यासकांचे म्हणणे पडले. १९९९ साली उद्यान कायम झाले तेव्हा चराई व मुळ्या खणणे बंद झाले. ज्यांचे हक्क जुन्या कागदांत नोंदलेले होते त्यांना रोख मोबदला मिळाला. ज्यांची नावे कागदांत नव्हती ते हात हलवीत राहिले. “आणि ज्या सपाट जागेवर तुम्ही झोपता,” तो म्हणाला, “ती सपाट कोणी केली? आमच्याच मेंढरांच्या बसण्याने.” त्याने विजेरीचा झोत टाकून दाखविले. जेथे मेंढरे बसत तेथे लेंड्यांच्या खतावर बिच्छूबूटी माजलेली होती. मुले दिवसभर तिच्या दंशाने हैराण झाली होती.

एका मुलीने विचारले, “मग त्याच्या बदल्यात तुम्हांला काय मिळाले, काका?”

तो थोडा थांबून म्हणाला, “तुम्ही मिळालात.” मुले हसली, तो मात्र हसला नाही. वर्षातले दोनतीन महिने त्यास व त्याच्या भावकीतील तरुणांस वाटाड्याचे, हमालीचे, स्वयंपाक्याचे काम मिळते. त्यातून त्याची मुलगी बंजारला शिकते. परंतु त्याचे वडील जिवंत असेपर्यंत म्हणत, की मेंढी दरवर्षी लोकर देते, पाहुणा यंदा येईल आणि पुढच्या वर्षी येणार नाही. पक्षी आता दिसतो का, असे आम्ही विचारले. “पूर्वीपेक्षा जास्त ऐकू येतो,” तो म्हणाला, आणि हे सांगताना त्याच्या स्वरात अभिमानच होता. उद्यान करणे योग्यच झाले, असे आमचे मत होते व आजही आहे. मात्र त्याची किंमत कोणी मोजली, हे आम्हांस त्या रात्रीपूर्वी ठाऊक नव्हते. मातोश्रींच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे आहे. आम्ही जमविलेल्या पैशांपैकी परवाना, राहुट्यांचे भाडे व शिधा वजा जाता उरलेला भाग या माणसांच्या मजुरीत गेला, आणि त्यात घासाघीस न केल्याचे आम्हांस समाधान वाटते.

उरलेले निम्मे उत्तर दवाखान्यासंबंधी आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शिल्टकडे निघालो. ती चढण सुमारे एक हजार मीटरांची आहे; देवदार व ओक मागे पडतात आणि पुढे बर्फाची शिखरे उघडी होतात. शेवटच्या तासाभराची वाट उरली असता एका मुलाचे डोके दुखू लागले, आणि थोड्याच वेळात त्यास ओकारी झाली. उंचीवर ही दोन लक्षणे एकत्र आली की पुढे पाऊल टाकू नये, खाली उतरावे, हा नियम आम्ही घरून निघतानाच मुलांस लिहून दिला होता. तरी कुरकूर झाली. त्यास एका सोबत्यासह येथे बसवावे, आपण शिखरे पाहून येऊ, असे काहींनी सुचविले. आम्ही सर्वांसह परत फिरलो. रोलास येईतो मुलाचे डोके उतरले, आणि रात्री त्याने दोन वाढी खिचडी खाल्ली. तेव्हा तर इतरांचा राग अधिकच वाढला. त्यास काही झालेच नव्हते, असे ते म्हणू लागले. उतरल्यामुळे तो बरा झाला की मुळातच आजारी नव्हता, याचा निकाल कधीच लागत नाही. वेळेवर परत फिरणाऱ्याचे हेच दुर्दैव आहे. शिल्टचे दर्शन आमच्यापैकी कोणासही झाले नाही. त्या मुलाच्या वडिलांस आम्ही हे सर्व आल्यावर सांगितले आहे.

निघण्याच्या सकाळी राहुट्या उतरविल्या, कचऱ्याची थैली बांधली, आणि वाटाड्या मेखा मोजू लागला. एक कमी भरली. ती सापडेपर्यंत त्याने कोणासही पाठपिशवी उचलू दिली नाही. अठराही मुले गुडघ्यांवर बसून गवत चाचपडू लागली. लोखंडी मेख गवतात राहिली तर जनावराच्या खुरात जाते, असे तो म्हणाला. शेकोटीवरून वाद घालणाऱ्या त्याच मुलाने विचारले, “पण काका, मेंढरे तर आता येतच नाहीत ना?”

“घोरल येतो ना,” तो म्हणाला, व शोधू लागला.